विहिणीकडे मागितलेली वार

टांडापेठ, नागपूर
११ फेब्रुवारी १९८०

सौ. पार्वतीबाई विहीणबाई,

टांडापेठेतून अंजनाबाईचा नमस्कार. व्याहीबुवांले रामराम. आमच्या लतिकेले पोटभर आशीर्वाद, म्हणजे तिच्या पोटातल्यालेही त्यातच धरा.

इकडं सारे मजेत. बळीराम हिंगण्याच्या कारखान्यात पाळ्या करून राहिला. कंपनीच्या बसमध्ये झोपतो आणि घरी येऊन बायकोची आठवण काढतो. आमचे हे सकाळी मागावर बसतात आणि रेडिओ लावतात. गाणं चांगलं लागलं का हात थांबतात, बातम्या लागल्या का वाद घालतात. लुगडं तेवढं राहून जाते. माझा पाय बरा आहे. पायाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, म्हणून लिहीत नाही.

आता कामाचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मले माहीत आहे, मी काही विलायतेहून आली नाही. पण विहीणबाई, माझ्या मनात आलं का लतिकेचं बाळंतपण नागपूरले व्हावं. उमरेडले आताशा कोळशाचे ट्रक धावतात, बाळंतिणीले झोप कशी लागन? व्याहीबुवा म्हणतील ट्रकचा रस्ता घरापासून दूर आहे. असन. पण आवाज दूरवर जाते. शिवाय तिकडं उन्हाळा कडक. इकडचा काही थंड नाही हे मलेही समजते, पण इथल्या मोठ्या दवाखान्यात पंखे आहेत आणि चांगल्या शिकलेल्या डॉक्टरीण आहेत.

तुम्हीही या. हवं तितकं राहा. स्वयंपाकघर मी तुमच्या हाती देते. आजवर ते मी कोणाच्या हाती दिलं नाही, सुनेच्याही नाही. यावरून समजा.

डोहाळजेवणाले मी आली नाही म्हणून तुम्ही रागावल्या, असं बळीराम सांगत होता. त्या दिवशी ऐन वेळेवर घरी पाहुणे आले. कोण ते आता आठवत नाही, पण आले होते.

उत्तर लवकर टाका.

तुमची विहीण
अंजनाबाई

ता. क. बाळंतपण इकडं झालं तर बाळामागून पडणारी वार कुठं पुरायची, कोणी पुरायची, याची तुम्ही बिलकूल काळजी करू नका. वारेचं आम्ही पाहून घेऊ.


टांडापेठ, नागपूर
२ मार्च १९८०

विहीणबाई,

तुमचं पत्र पावलं. माझा चष्मा सापडत नव्हता म्हणून यांनी वाचून दाखवलं, आणि यांचा आवाज तुम्हाले माहीत आहे. तुम्ही मले काय काय म्हटलं ते आता सगळ्या गल्लीले पाठ आहे.

‘पाचव्या महिन्यात पोरगी माहेरी धाडून दिली, सातव्यात डोहाळजेवणाले फिरकल्या नाहीत, आणि आता म्हणे बाळंतपण आम्हाले पाहिजे!’ बरं. त्यावर मी काही बोलत नाही. पण पुढचं काय ते? ‘आमच्या लेकीची वार आमच्या आंगणात पुरल्या जाईल. सासूचा वारेवर डोळा काहून? कोणाच्या मनात काय असते, सांगता येत नाही.’ बाप्पा रे बाप्पा! म्हणजे मी माझ्याच नातवंडावर करणी करणार? अहो, मले करणी येत असती तर सर्वात पहिले मी आमच्या घरचा रेडिओ बंद पाडला असता.

हे पत्र मी स्वतः लिहून राहिली. चष्मा यांच्याच डोक्यावर होता.

रागात माणूस खरं बोलते, तर आता खरंच सांगते. माझा पाय बरा नाही. मागच्या उन्हाळ्यात मागाच्या पायानं दाबायच्या पावडीजवळचा खिळा घोट्याच्या वर लागला. एवढंसं खरचटलं होतं. पण मले साखरेचा आजार. तो तुम्हाले ठाऊक नाही, कारण तुमच्याकडं आली का मी श्रीखंड दोनदा घेते. मग काय, हळद भरली, लोणी लावलं, शेजारणीनं चुलीतली राख चाळून दिली. यांनी बाजारातून एक हिरवं मलम आणलं, मोठ्या ऐटीत लावलं, आणि डबीवर बैलाचं चित्र आहे हे दुसऱ्या दिवशी दिसलं. जखम वाटीएवढी झाली आणि भरायचं नावच घेत नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आहे, तिले सारे इंदुताई म्हणतात. ती म्हणते, आजी, बाळ पोटात एका पातळ पडद्यात गुंडाळलेलं असते. तो पडदा वारेबरोबर बाहेर येते आणि फुकट जाते. तो स्वच्छ धुऊन जखमेवर पसरला का जखम शांत होते आणि कडेनं नवी कातडी सरकू लागते, कारण त्यातल्या पेशी भल्ल्या कोवळ्या असतात. मी म्हटलं, पेशी म्हणजे काय वं? तर म्हणे, अंग ज्याचं विणलं आहे ते सूत समजा. मग आम्हा विणकर कोष्ट्यांच्या घरी हे समजावून सांगावं लागते का? जुन्या लुगड्याले कोऱ्या सुताचं रफू!

मी म्हटलं, मग लाव ना पोरी, वाट कायची पाहतेस? तर ती हसली. म्हणे, आणू कुठून? इथं प्रत्येक बाळंतिणीची आई नाहीतर सासू दारात मडकं घेऊन उभी असते. वार कोणी सोडत नाही. दुसऱ्याच्या हाती पडली तर लेकराचं वाईट होईल म्हणतात. आपणही त्यातल्याच ना?

आता समजलं माझ्या मनातलं? परक्याच्या दारात वार कोण मागन? घरची सून, घरची वार. आणि रक्ताचं रक्ताले लवकर धरन, असा माझा हिशोब.

एक आणखी. मोठे डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यापर्यंत जखम भरली नाही तर पाय गुडघ्याखालून काढावा लागन. हे बळीरामाले माहीत नाही. यांले अर्धंच माहीत आहे, कारण मोठे डॉक्टर बोलत होते तेव्हा हे बाहेर पान खाऊन राहिले होते. तुम्हाले पहिल्यांदा सांगून राहिली, तेही भांडता भांडता. मले भीती वाटते, विहीणबाई. लाकडाच्या पायानं माणूस चालते म्हणतात, पण लेकरू मागं लागून पळू शकते का?

हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण लवकर म्हणा.

अंजनाबाई
(विहीण. करणीवाली नव्हे.)


टांडापेठ, नागपूर
२६ मार्च १९८०

विहीणबाई,

व्याहीबुवा सुखरूप पोचले असतील. इथं काय झालं ते त्यांनी अर्धंच सांगितलं असन, कारण फजितीचा भाग ते गाळतील. तो मी लिहिते.

भर दुपारी दारात उभे. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि छातीशी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं. आमचे हे धावले. ‘या या महादेवराव! दही आणलं वाटते?’ म्हणत मडकं हातातून घेतलं आणि थेट चुलीजवळ नेऊन ठेवलं. व्याहीबुवा ओरडले, ‘अहो, तिथं नका ठेवू गा!’ सगळं घर दचकलं. मग पाणी पिऊन, घाम पुसून, हळूच म्हणाले, ‘वार आहे.’ आमच्या यांनी हात असे झटकले का विंचू चावला. परत जाऊन ते मडकं उचलायची त्यांची छाती होईना, म्हणून मीच लंगडत गेली आणि बाहेर आणून ठेवलं. मग दोघंही मडक्याच्या दोन बाजूंले बसले, आणि व्याही-व्याही भेटले का जे बोलतात ते बोलू लागले. पाणी आलं का नळाले, सुताचा भाव काय म्हणते.

मी म्हटलं, अहो, वार आली म्हणजे बाळ? तेव्हा व्याहीबुवांले आठवलं! ‘हो हो, मुलगी झाली. आज पहाटे. थोडी लवकरच झाली, पण दोघी खुशाल.’ नात झाल्याची बातमी मले अशी मिळाली, विहीणबाई. मी हसू का रडू? दोन्ही केलं.

एसटीत कंडक्टरनं त्यांले विचारलं होतं, बाबा, मडक्यात काय? व्याहीबुवा म्हणाले, ‘घरचंच आहे.’ तो म्हणाला, घरचं असो का बाजारचं, मांडीवर धरा, सांडलं तर तुम्हालेच पुसायले लावीन. बिचाऱ्यांनी उमरेडपासून इथपर्यंत मांडी हलवली नाही. उतरल्यावर बधिर पायानं कसे चालले देव जाणे.

मग आम्ही तिघं आणि मडकं रिक्षानं दवाखान्यात. इंदुताई डॉक्टरणीनं फडकं उघडलं, पाहिलं, पुन्हा झाकलं. हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, ‘बाबा, ही नाही चालणार. पडदा बाळंतपणाच्या वेळीच स्वच्छ भांड्यात घ्यावा लागतो. आईचं रक्त आधी तपासलेलं असावं लागतं. ही उन्हातून, धुळीतून आली आहे. ही लावली तर पाय वाचायचा तो जाईल.’ व्याहीबुवांचा चेहरा पाहवत नव्हता. आणि वर ती काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणे, ‘आजी, तुमच्या नातीचीच पाहिजे असं कोणी सांगितलं? कोणाचीही चालते. त्या पेशींना अजून आपलं-परकं समजतच नाही, म्हणून तर त्या कोणाच्याही अंगावर नांदतात.’

म्हणजे रक्ताचं रक्ताले धरते म्हणून तुमच्याशी जे भांडली, ते मी फुकट भांडली! तिले आधी विचारायचं सुचलंच नाही. आपल्याच घरचं उत्तम, असं आपण धरूनच चालतो ना.

दोघं बुढे बाळंतिणींच्या खोलीबाहेर बाकावर बसले, मध्ये मडकं. तिथं सगळ्या बायाच बाया, हे दोघंच पुरुष. एक जाडजूड बाई, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत, तिनं विचारलं, ‘काहून गा बाबा, सून आत आहे का?’ व्याहीबुवांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. पाय, पडदा, बस, कंडक्टर, सगळं. त्या बायका हसून हसून भिंतीले टेकल्या. पण ती बाई हसता हसता थांबली आणि माझ्याजवळ येऊन बसली. नाव भीमाबाई, गाव कन्हान, सून आत. म्हणाली, ‘जयभीम, बाई. पाय दाखवा.’

मी दाखवला. तिनं तोंड फिरवलं नाही. नीट पाहिला आणि म्हणाली, ‘आमच्यातबी पुरतात. पण पुरून तरी मातीलेच द्याची ना? आमची घ्या.’

यांनी माझ्याकडं पाहिलं. मले यांचं पाहणं समजलं. मी म्हटलं, पाहता काय? पाय माझा आहे. तुम्ही जाऊन पान खा.

तिच्या सुनेचं रक्त आधीच तपासलेलं होतं. दुपार टळायच्या आत तिले मुलगी झाली आणि चहाच्या वेळेले पडदा माझ्या पायावर. विहीणबाई, काय सांगू त्याचा पोत! आपण ऐंशी नंबरी बारीक सुताचं कौतुक करतो, ते याच्यापुढं गोणपाट. आरपार दिसते आणि तरी फाटत नाही. थंडगार लागलं. किती महिन्यांत पहिल्यांदा ठणका थांबला.

आपली वार व्याहीबुवांबरोबर संध्याकाळच्या बसनं परत पाठवली. तुमच्याच आंगणात पुरा, वर दिवा लावा, जसं करायचं तसं सगळं करा. मी मागितली होती, भांडून मागितली होती. आणि तुम्ही जिले एवढी आपल्या आंगणाची म्हणत होत्या, ती वार भांडण चालू असताना नवऱ्याच्या मांडीवर ठेवून बसमध्ये बसवून दिली. माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही.

जाता जाता व्याहीबुवा म्हणाले, ‘लतिकेनं सांगितलं होतं, तुमच्याकडं सुताले लावायच्या खळीच्या वासानं तिले उलट्या होत. पाचव्या महिन्यात सुनेले खळ शिजवायले बसवू नये होतं.’ मी त्यांले बसची वेळ झाली म्हटलं. आताही राहू द्या.

नातीची दृष्ट काढा.

तुमची
अंजनाबाई


टांडापेठ, नागपूर
८ जून १९८०

पार्वतीबाई,

दोन महिने तुमच्या पत्रांले मी नुसती कार्डं टाकली, कारण दवाखान्याच्या चकरा चालू होत्या. आता नीट लिहिते.

पाय राहिला! मोठ्या डॉक्टरांनी काल पाहिला, बोटानं दाबला, आणि म्हणाले, ‘आजी, हा पाय आता तुमचा तुम्हीच सांभाळा.’ जखम भरली. वर गुलाबी कातडी आली, पातळ आहे, पण आली. माझ्याच अंगाची आहे म्हणतात, पडद्यानं फक्त तिले हिंमत दिली.

एका पडद्यानं भागलं नाही, दर वेळी नवा लागे. पण भीमाबाईनं तोपर्यंत काम करून ठेवलं होतं. स्वतःची सून घरी गेल्यावरही ती कन्हानहून यायची आणि दारातल्या मडकेवाल्यांले गाठायची. ‘माझ्या नातीले काय झालं का? पाहा, टुणटुणीत आहे!’ म्हणून सांगायची. मग एक हिंगण्याची द्यायले तयार झाली, मग एक पाचपावलीची. एका बाईनं तर पडदा दिला आणि वर मलेच दटावलं, का आता गोड खाल्लं तर याद राखा. माझ्या पायावर इतके लेकरं नांदून गेले का उद्या रस्त्यात कोणतंही पोट्टं दिसलं तर मले मावशीसारखं वाटन. यांनीही आता सुधारणा केली. परवा भीमाबाई घरी आली तर यांनी स्वतः उठून रेडिओ बंद केला. एवढा मान आजवर माझ्या माहेरच्यांलेही मिळाला नाही.

बळीरामाले सगळं सांगितलं. आधी रागावला, मग रडला, मग म्हणाला भूक लागली.

आता जे दोन पत्रांत टाळलं ते.

आमच्या घरी खळ शिजत नाही, पार्वतीबाई. सूत खळ लावूनच येते, आताशा सगळीकडंच तसं आहे. व्याहीबुवांले हे सुचायले पाहिजे होतं, पण लेकीवर भरोसा ठेवला. तो वास खळीचा नव्हता. माझ्या पायाचा होता.

किती पट्ट्या बदलल्या, किती धुतला, तरी यायचा. मले समजत होतं. शेजारणी दारातूनच बोलून जायच्या. हे माझ्याजवळ बसताना खिडकीचं कारण काढून उठायचे. पण तुमची लेक ताट घेऊन माझ्याच शेजारी बसायची. एक घास घ्यायची आणि मोरीकडं पळायची. तोंड धुऊन परत यायची आणि पुन्हा माझ्याच शेजारी बसायची. मी म्हणायची, जा वं, तिकडं बस. तर म्हणे, ‘आई, मले डोहाळेच कडक आहेत, वासाबिसाचं काही नाही.’ दिवसेंदिवस पोरगी वाळत चालली. पोटात लेकरू. मग एक दिवस मी तिच्यावर ओरडली. म्हटलं, मले तुझं तोंड पाहायचं नाही, जा माहेरी. मायेनं सांगितलं असतं तर ती गेली नसती, म्हणून तसं बोलली. जाताना पाया पडली, त्याच पायाच्या. आणि तुमच्याकडं येऊन खळीचं नाव सांगितलं. सासूचा वास येतो, हे तिनं स्वतःच्या मायलेही सांगितलं नाही.

डोहाळजेवणाले पाहुणे आले नव्हते. मी निघाली होती. हिरवं लुगडं नेसून, ओटीचं सामान घेऊन उमरेडच्या बसमध्ये जाऊन बसली होती. शेजारच्या बाईनं पदर नाकाले लावला आणि उठून उभी राहिली. गर्दी होती, तरी त्या जागेवर कोणी बसेना. मग मी उतरली. तुमच्या आंगणात साऱ्या उमरेडच्या बाया बसलेल्या असतील, मधोमध माझी सून, आणि तिथं मी जाऊन काय करू? घरी येऊन ओटीचा नारळ यांच्या हातून फोडून घेतला आणि सांगितलं, बस चुकली.

तुमच्यापासून हे लपवलं, कारण विहीण म्हटलं का माणूस जरा ताठच उभं राहते. आता ताठायची गरज नाही.

तर आता एवढंच मागणं आहे. नातीले चौथा महिना लागण्याआधी तुम्ही आणि लतिका तिले घेऊन इकडं या. व्याहीबुवांले आणा, या खेपेले त्यांच्या हातात काही देऊ नका. मी सगळ्यांले सांगते पाय बरा झाला, आता वास येत नाही. पण माझं नाक माझ्यावरच किती भरोशाचं? यांले विचारलं तर हे घाबरून नाही म्हणतात. बळीराम आईले वाईट वाटू नये म्हणून नाही म्हणन. लतिकेवर तर माझा अजिबात भरोसा नाही, ती यात फार हुशार आहे.

तान्हं लेकरू तेवढं खोटं बोलत नाही. आल्या आल्या, हातपाय धुवायच्याही आधी, तिले माझ्या मांडीवर ठेवा, त्या पायाच्या बाजूनं. रडली तर मी पुन्हा दवाखान्याची वाट धरीन. आणि तिथंच झोपली, तर पार्वतीबाई, मग तिले उठवू नका. जेवायले उशीर झाला तरी चालन.

वाट पाहून राहिली,
तुमची अंजना